पुणे ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर साडेतेरा हजार किमी, मग एवढा वेळ जातो कुठे?

हिशेबी
दोन ज्येष्ठ नागरिकांचं (वय ६८ आणि ७२) पुणे–सॅन फ्रान्सिस्को तिकीट काढायचं आहे, जून महिन्यात. नेटवर दोन शहरांमधलं हवाई अंतर १३,५३७ किमी दिसतं. विमान ताशी ९०० किमीने जातं असं धरलं तर १५ तास झाले. पण तिकिटांवर एकूण वेळ २४ पासून ३८ तासांपर्यंत काहीही दिसतोय.

जाणकारांना विचारायचं ते असं. हे अंतर नक्की कुठल्या वाटेचं? पूर्वेकडून (टोकियो, सिंगापूर) जवळ पडतं की पश्चिमेकडून (दुबई, फ्रँकफर्ट)? आणि सुरुवात मुंबईहून करावी की पुण्यातून दुसरं विमान पकडून? दिल्लीमार्गे काही स्वस्त पर्याय आहेत, पण तो उगाच द्राविडी प्राणायाम वाटतो.

तिरपागडा
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुरंदरचं नियोजित विमानतळ. फक्त नातवंडांच्या लग्नापर्यंत थांबायची तयारी हवी.

अक्षांश
द्राविडी प्राणायाम म्हणायची घाई करू नका. आधी अंतराचा हिशेब करू, कागद-पेन्सिल घ्या.

पुणे विमानतळ: १८.५८ उत्तर, ७३.९२ पूर्व. सॅन फ्रान्सिस्को: ३७.६२ उत्तर, १२२.३८ पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम, म्हणून रेखांशांची बेरीज करायची: १९६.३०. ही १८० च्या वर गेली, म्हणजे आपण लांबच्या बाजूने मोजतोय. ३६० मधून वजा केली की १६३.७० उरतात. जवळची बाजू पूर्वेची, हे इथेच कळलं.

आता सूत्र. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.१९४५. दोन्हींच्या कोसाइनचा गुणाकार ०.७५०८, त्याला १६३.७० अंशांच्या कोसाइनने (उणे ०.९५९८) गुणलं की उणे ०.७२०६. दोन्हींची बेरीज उणे ०.५२६१. ज्या कोनाचा कोसाइन एवढा असतो तो कोन १२१.७४ अंश. पृथ्वीच्या पोटात बसून बघितलं तर दोन शहरांमध्ये एवढा कोन होतो. एका अंशाला १११.२ किमी. गुणाकार करा, १३,५३७ येतात. तुमच्या संकेतस्थळाने हेच केलंय.

एक्सेलमध्ये करणाऱ्यांच्या नेहमीच्या दोन चुका: अंशांचे रेडियन करायचे राहतात, आणि पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्यायचं राहतं. दुसरी चूक केलीत तर सॅन फ्रान्सिस्को चीनमध्ये जाऊन बसतं.

आता गंमत. याच सूत्राने पुणे–दिल्ली १,१५७ किमी येतं आणि दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को १२,३८१. बेरीज १३,५३८. म्हणजे दिल्लीला वळसा घातल्याचा भुर्दंड एक किलोमीटर! पुण्याहून या सर्वांत जवळच्या वाटेची सुरुवातीची दिशा उत्तरेपासून १५ अंश पूर्वेला आहे, आणि त्याच रेषेवर दिल्ली बसली आहे. उलटा फेरा नाही, दिल्ली वाटेवरच आहे.

तिरपागडा
शेवटी दिल्लीचेही तख्त वाटेतच निघाले म्हणायचे.

एबीसी_चौक
ज्यांना साइन-कोसाइनचा जाच होतो त्यांनी अप्पा बळवंत चौकातून ३० सेंमी व्यासाचा शाळेचा पृथ्वीगोल आणावा. परीघ ९४ सेंमी भरतो, म्हणजे १ सेंमीला साधारण ४२५ किमी. पुण्यावर बोट ठेवून दोरा सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ताणा. ताण बसला की आपोआप सरकून खरी वाट धरतो. दोरा भरेल ३२ सेंमी. तो प्रशांत महासागराच्या मधून जात नाही. काश्मीरच्या बाजूने वर, सायबेरिया, आर्क्टिक, अलास्का आणि मग किनाऱ्याने खाली असा जातो.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजणाऱ्यांची फसगत इथेच होते. त्या नकाशात ध्रुवाकडचा भाग भलताच ताणलेला असतो.

अक्षांश
@एबीसी_चौक, अगदी. त्या दोऱ्याचं सर्वांत वरचं टोक ७५.६ उत्तर अक्षांशावर येतं, रेखांश १५९ पूर्व. म्हणजे न्यू सायबेरियन बेटांच्या पूर्वेचा समुद्र.

शुद्धमती
पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवाशी ६,३५७. त्यामुळे १३,५३७ मधला तो शेवटचा ७ आणि दिल्लीचा तो 'एक किलोमीटर', दोन्हींना अर्थ नाही.

अक्षांश
मान्य. गोलाच्या सूत्राने अंतर फार तर अर्धा टक्का इकडे-तिकडे होतं. पण दिल्ली रेषेवर आहे हे त्याने बदलत नाही.

नॉटिकल
अंतर कळलं. आता विमान त्या दोऱ्यावरून का उडत नाही ते बघू, कारण तुमचे जादा तास तिथे आहेत.

पहिला अडथळा दिल्लीच्या उत्तरेलाच: हिमालय आणि तिबेट. विमान ३५,००० फुटांवरून जातं, त्यामुळे डोंगराला धडकायचा प्रश्न नाही. प्रश्न केबिनमधला हवेचा दाब गेला तर काय, हा आहे. तसं झालं की वैमानिक तातडीने १०,००० फुटांवर उतरतो, कारण तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. डोक्यावरून जे मास्क पडतात त्यांचा ऑक्सिजन साधारण १२ ते २२ मिनिटं पुरतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंची ४,५०० मीटर, म्हणजे जवळपास १४,८०० फूट. खाली जमीनच तेवढी उंच असेल तर उतरणार कुठे? सुटकेचे खास मार्ग आखून, जादा ऑक्सिजन घेऊन काही विमानं जातात, पण सर्रास नाही.

मग दोन वाटा राहतात. एक, वायव्येकडून पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया करत. दोन, पूर्वेकडून बंगाल, ब्रह्मदेश, चीन, जपानच्या बाजूने प्रशांत महासागरावर. पहिल्या वाटेवर पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि मुदत महिन्यामहिन्याने वाढत गेली. त्याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै बंद होती. रशियाचं उलट आहे: फेब्रुवारी २०२२ नंतर अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना तिथून जाता येत नाही, भारतीय कंपन्यांना येतं. म्हणजे त्याच दोन शहरांमधली वाट कोणाच्या विमानात बसता त्यावर बदलते.

कढीपत्ता
म्हणजे नकाशा परराष्ट्र खात्याकडून घ्यायचा.

वारं_प्यालेला
नॉटिकल यांनी वाट सांगितली, मी वाऱ्याचं सांगतो. कारण विमानाला किलोमीटर कळत नाहीत, हवा कळते.

३५,००० फुटांवर ध्वनीचा वेग साधारण १,०६५ किमी ताशी. लांब पल्ल्याचं विमान त्याच्या ०.८४ पटीने जातं, म्हणजे ८९५. हा वेग भोवतालच्या हवेतला. ती हवाच पश्चिमेकडून पूर्वेकडे ताशी दीडशेने वाहत असेल (जेट प्रवाह, हिवाळ्यात जास्त जोराचा) तर पूर्वेला जाताना जमिनीवरचा वेग १,०४५ आणि पश्चिमेला जाताना ७४५.

याचं अस्सल उदाहरण याच जोडीचं आहे. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को आधी अटलांटिकच्या बाजूने जायचं, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते प्रशांत महासागरावरून नेलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किमी, पण प्रवास साडेचौदा तासांत आटोपला, आधीपेक्षा जवळपास दोन तास कमी. १,४०० किमी जादा उडून लवकर पोचले, कारण वारा पाठीशी होता.

पुणेकर_४११०३८
मग हे अंतर मोजून उपयोग काय? सरळ वेळ विचारावी.

नॉटिकल
उपयोग आहे. अंतर म्हणजे मापाचा दगड. एखाद्या वाटेचं अंतर किमान अंतरापेक्षा १० टक्क्यांनी जास्त असेल तर चालेल, ३० टक्क्यांनी असेल तर सिंगल तिकीट कितीही स्वस्त असो, दोनदा विचार करा.

अक्षांश
तेच आकडे देतो. सगळे त्याच सूत्राने काढलेले, दोऱ्याची अंतरं. प्रत्यक्ष उड्डाण याहून थोडं लांबच असतं.

दिल्लीमार्गे १३,५४०. मुंबईहून थेट १३,५१०, पण आधी रस्त्याने मुंबई. मुंबई–टोकियो–सॅन फ्रान्सिस्को १५,०१०. पुणे–दुबई–सॅन फ्रान्सिस्को २,०५० आणि १३,०२० मिळून १५,०७०. मुंबई–फ्रँकफर्टमार्गे १५,७२०. पुणे–सिंगापूरमार्गे १७,३८०. बंगळूरमार्गे १४,७१०, कारण उत्तरेला जायचं तर आधी ७२० किमी दक्षिणेला जावं लागतं.

म्हणजे टोकियो आणि दुबई, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला, पण अंतरात ६० किमीचा फरक. हिशेबींच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच. रेखांशांतला फरक १६३.७० आहे, १८० ला बराच जवळ. गाव पृथ्वीच्या पाठीमागे असेल तर दोन्ही बाजू जवळपास सारख्या. सिंगापूर मात्र विषुववृत्ताला चिकटलेलं, तो खरा फेरा.

कढीपत्ता
आणि त्या फेऱ्यात नुसतं सिंगापूर–सॅन फ्रान्सिस्कोच १३,५८० पडतं ना? म्हणजे पुण्याहून थेट जितकं, तितकं सिंगापूरला पोचल्यावर पुन्हा.

अक्षांश
बरोबर पकडलंत. साडेतीन-चार हजार किमी पाण्यात.

मीनल_आर
बंगळूरहून थेट विमान होतं ना? जानेवारी २०२१ मध्ये सगळ्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला ध्रुवावरून आणलं होतं.

नॉटिकल
हो, ९ जानेवारीला निघालं होतं. दोऱ्याने अंतर १३,९९० च्या आसपास, उडालं सुमारे १६,००० किमी. ध्रुवाकडच्या वाटेवर आणखी एक भानगड असते, इंधन गोठण्याची. जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांना गोठायला लागतं आणि अमेरिकेत मिळणारं जेट ए उणे ४० लाच. बाहेरची हवा उणे ६५ असली की पंखांमधल्या टाक्या तासातासाने गार होत जातात. तापमान मर्यादेच्या तीन अंश जवळ आलं की वैमानिक खाली उतरतो किंवा वेग वाढवतो. दोन्हींत इंधन जास्त जळतं.

तिरपागडा
उणे ६५ बाहेर आणि आत एसीच्या नावाने बोंब. स्वेटर हातातल्या बॅगेतच ठेवा, खालच्या सामानात नको.

धावपट्टी_१०२८
पुण्यातूनच थेट का नाही, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहितो.

लोहगावची धावपट्टी २,५३५ मीटर, समुद्रसपाटीपासून उंची १,९४२ फूट, आणि मालक हवाई दल. दिल्लीची सर्वांत लांब धावपट्टी ४,४३० मीटर आहे, मुंबईची मुख्य साधारण ३,४५०. लांबी हा अर्धाच प्रश्न. हवा पातळ असली की पंखांना उचल कमी आणि इंजिनाला जोर कमी. मे महिन्याच्या दुपारी ४० अंश असताना हिशेब मांडा: १,९४२ फुटांवर प्रमाण तापमान ११ अंश. वरचे २९ अंश गुणिले १२० फूट, म्हणजे जवळपास ३,५००. उंचीत मिळवा, ५,४०० फूट झाले. लोहगावच्या जमिनीवर उभं असलेलं विमान ५,४०० फुटांवर असल्यासारखं वागतं. अमेरिकेपर्यंतचं शंभर टनांच्या वरचं इंधन पोटात घेऊन ते २,५३५ मीटरमध्ये उडणार नाही. उडवायचं तर प्रवासी किंवा इंधन कमी करावं लागतं. २००८ पासून काही वर्षं लुफ्तान्साचं पुणे–फ्रँकफर्ट होतं, ते फक्त बिझनेस क्लासचं छोटं विमान होतं, ते यामुळेच.

जुलै २०२४ पासून नवं टर्मिनल वापरात आहे. टर्मिनल मोठं झालं म्हणून धावपट्टी लांब होत नाही, हे बऱ्याच जणांना पटत नाही.

पुणेकर_४११०३८
पटतं हो. पण बोलून दाखवायचं नसतं.

घाटमाथा
आता मुंबईचा रस्ता. कोथरूड ते मुंबईचं टर्मिनल २ साधारण १५० किमी, त्यात द्रुतगती मार्ग ९४.५ किमी. कागदावर तीन तास. आंतरराष्ट्रीय विमानासाठी हिशेब असा धरा: विमान सुटायच्या तीन तास आधी दारात, रस्त्याला साडेचार तास, आणि घाटासाठी राखीव एक तास. म्हणजे रात्री १:३० च्या विमानाला संध्याकाळी ५ ला घरून निघायचं.

बिघडतं कुठे: खंडाळ्याच्या घाटात एक कंटेनर बंद पडला की दोन तास गेले. रविवारी संध्याकाळी मुंबईकडे जाणारी बाजू तुंबते, कारण लोणावळ्याहून परतणारी गर्दी. जून-जुलैत दरड, धुकं. हिशेबींचं तिकीट जूनमधलं आहे, लक्षात घ्या. गाडी परतीची असेल तर चालकाला परत यायची घाई असते, जाताना थांबे घेत नाही. ज्येष्ठांसाठी खालापूरच्या अलीकडे एक थांबा आधीच ठरवून सांगा. चेक-इन काउंटर साधारण ६० ते ७५ मिनिटं आधी बंद होतो आणि घाटाचं कारण कोणी ऐकून घेत नाही.

आणखी एक. नवी मुंबईचं विमानतळ डिसेंबर २०२५ पासून चालू आहे. तिकिटावर 'मुंबई' वाचून गाडी सांगू नका, तीन अक्षरी कोड बघा. बीओएम म्हणजे अंधेरीकडचं, एनएमआय म्हणजे उलव्याचं. एका ठिकाणी उतरून दुसरीकडून उडायचं असेल तर ते तिकीट घेऊच नका.

घड्याळजी
तिकिटावरच्या वेळा कशा वाचायच्या हे कोणी सांगितलं नाही. दोन्ही वेळा स्थानिक असतात. जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा १२ तास ३० मिनिटं मागे, हिवाळ्यात १३ तास ३०. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी हे बदलतं.

समजा दिल्लीहून पहाटे ३:३० ला निघून 'त्याच दिवशी' सकाळी ७:०० ला पोचतंय.

तिरपागडा
साडेतीन तासांत अमेरिका! शिवनेरीला मुंबई गाठायला याहून जास्त लागतात.

घड्याळजी
@तिरपागडा, तुम्ही थांबा जरा. साडेतीनमध्ये साडेबारा मिळवा, १६ तास. येताना उलट: सोमवारी सकाळी १०:३० ला निघून दिल्लीत मंगळवारी दुपारी २:३०. घड्याळातले २८ तास, त्यातून साडेबारा वजा, साडेपंधरा.

हे १६ तास हवेतले नव्हेत. विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथून, ते पलीकडे गेटवर उभं राहतं तिथपर्यंत. धावपट्टीकडे रांगेत सरकणं त्यातच. शिवाय कंपन्या उशीर गृहीत धरून वेळापत्रकात थोडी जागा ठेवतात. 'विमान वीस मिनिटं आधी पोचलं' म्हणतात ते बऱ्याचदा त्यातलंच.

डोक्यात करायची सोपी रीत: उन्हाळ्यात सकाळचं रात्र करा आणि अर्धा तास मागे या. पुण्यात सकाळी १० म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे ९:३०. फोन करायला एवढं पुरतं.

हिशेबी
सगळ्यांचे आभार, डोकं गरगरलं पण दिशा कळली. म्हणजे दिल्ली. आता पुणे–दिल्ली वेगळं स्वस्त तिकीट आणि दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को वेगळं, असं केलं तर बरेच पैसे वाचतात. चालेल ना?

पीएनआर_ताई
नको. अजिबात नको. हे वाचलेले पैसे लोहगावलाच संपतात.

एका पीएनआरवर असलं की पुण्यातच बॅगांना सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतचा टॅग लागतो. सामानाची मर्यादाही अमेरिकेची लागू होते; इकॉनॉमीत बहुधा २३ किलोच्या दोन बॅगा, काही स्वस्त भाड्यांत एकच, तेवढं तिकिटावर वाचा. वेगळं देशांतर्गत तिकीट काढलंत तर बहुधा १५ किलो. ४६ किलो घेऊन काउंटरवर उभे राहिलात की ३१ किलोचे जादा पैसे. दिल्लीत बॅगा स्वतः उतरवायच्या, टर्मिनल ३ वर नेऊन पुन्हा चेक-इन करायच्या, तेही ७२ व्या वर्षी. आणि पुण्याचं विमान उशिरा आलं तर पुढच्या कंपनीला देणंघेणं नाही. एका पीएनआरवर असेल तर पुढच्या विमानात बसवून देणं त्यांचं काम.

दिल्लीत मधला वेळ जूनमध्ये किमान साडेतीन तास ठेवा. इमिग्रेशन तिथेच होतं. डिसेंबर-जानेवारीत प्रवास असेल तर सहा तास, कारण पहाटेचं धुकं. विमान आणि वैमानिक दाट धुक्यासाठी तयार असले तरी धावपट्टीवरची दोन विमानांमधली अंतरं वाढतात आणि रांग लागते.

येताना उलटं असतं हे सांगून ठेवा. भारतात पहिल्यांदा जिथे उतरता तिथेच सामान घेऊन कस्टम्समधून बाहेर यायचं आणि पुन्हा द्यायचं, टॅग पुण्यापर्यंतचा असला तरी. अमेरिकेतही तोच नियम: शिकागोला उतरून पुढे जायचं असेल तर बॅगा शिकागोला पट्ट्यावरून उचलायच्या. एक अपवाद अबुधाबीचा, तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन आधीच होतं आणि पलीकडे देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ बाहेर पडता येतं.

मीनल_आर
व्हीलचेअर मागवावी का?

पीएनआर_ताई
चालता येत असलं तरी मागवा. दिल्लीत आणि तिकडे एकेका ठिकाणी किलोमीटरभर चाल होते. पण प्रकार नीट सांगा. तिकिटावर व्हीलचेअरचा कोड (डब्ल्यूसीएचआर वगैरे) असतो. त्याचं शेवटचं अक्षर 'आर' म्हणजे जिना चढता येतो, लांब चालवत नाही. 'एस' म्हणजे जिनाही नको. 'सी' म्हणजे आसनापर्यंत उचलून न्यावं लागतं. सरसकट 'सी' लावून घेणारे लोक आहेत, मग खरी गरज असलेला माणूस खोळंबतो. किमान ४८ तास आधी नोंदवा आणि पुणे, दिल्ली, सॅन फ्रान्सिस्को तिन्ही ठिकाणी नोंद दिसतेय का ते बघा. अनेकदा पहिल्याच टप्प्याला लागते आणि पुढे विसरली जाते.

कढीपत्ता
सामानाचं निघालंच आहे तर: चितळ्यांची बाकरवडी चालते ना?

पीएनआर_ताई
बंद पाकीट असेल तर चालते, पण तिकडे कस्टम्सला 'खाद्यपदार्थ आहेत' हे सांगायचं. लपवलं की दंड, सांगितलं की फार तर काढून घेतात. लोणच्याची बाटली खालच्या बॅगेत, दोन पिशव्यांत, कारण तेल झाकणातून झिरपतंच. ताजी फळं, बिया, मांस नको. आणि तुमच्या नावाची वस्तू तर मुळीच नको. ताजा कढीपत्ता अमेरिकेत बंदी असलेल्यांत आहे. त्यावर एक बारीक कीड येते, ती संत्र्या-लिंबांच्या बागा मारणारा रोग पसरवते. कॅलिफोर्नियाला त्या बागांची काळजी.

कढीपत्ता
सभासदनाम बदलायचा अर्ज कुठे करायचा?

संपादक_मंडळी
अवांतर आवरा.

पुणेकर_४११०३८
मुद्द्यावर येतो. हिशेबींनी विचारलं होतं वेळ जातो कुठे. दारापासून दारापर्यंतची बेरीज कोणी केलीच नाही. अंतरांचं कौतुक ऐकतोय दोन दिवस.

घड्याळजी
घ्या. कोथरूडच्या दारापासून, ढोबळ.

दिल्लीमार्गे: लोहगावपर्यंत सव्वा तास, विमानतळावर सव्वादोन, पुणे–दिल्ली सव्वादोन, दिल्लीत चार, पुढचं १६, उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामान दीड. एकूण सव्वासत्तावीस.
दुबईमार्गे: सव्वा, तीन, सव्वातीन, साडेतीन, १६, दीड. साडेअठ्ठावीस.
मुंबई–फ्रँकफर्ट: रस्ता आणि राखीव मिळून साडेपाच, तीन, नऊ, तीन, साडेअकरा, दीड. साडेतेहतीस.

विमानातला वेळ बघा: सव्वाअठरा, सव्वाएकोणीस, साडेवीस. फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. पण एकूणात सव्वासहा तासांचा. बाकीचे तास घाटात आणि रांगेत जातात.

वारं_प्यालेला
यात एक जोखीम मिळवा. प्रशांत महासागरावरूनच परत आलं तर वारा समोरून असतो. शिवाय पाकिस्तानची हद्द बंद झाल्यावर उत्तर अमेरिकेहून येणाऱ्या काही उड्डाणांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोलकात्यासारख्या ठिकाणी थांबावं लागलं. अशा थांब्यात प्रवाशांना बहुधा उतरवत नाहीत, पण दीड-दोन तास वाढतात. परतीचा दिल्लीतला मधला वेळ जातानाच्यापेक्षा मोठा ठेवा.

नॉटिकल
आणि पूर्वेच्या वाटेवर मध्येच उतरायची वेळ आली तर विमानतळ कुठले, हेही आधी ठरलेलं असतं. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडल्यावर ठरावीक मिनिटांत पोचता येईल असं विमानतळ सतत आवाक्यात लागतं. जून २०२३ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान रशियाच्या मगादानला उतरलं होतं, ते असंच. दुसरं विमान यायला दीड दिवस गेला. म्हणून औषधं हातातल्या बॅगेत, तीन दिवसांची जादा, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. इन्सुलिन खालच्या सामानात कधीही टाकू नका, गोठतं.

मीनल_आर
गोळ्यांच्या वेळा कुठल्या घड्याळाने?

घड्याळजी
दिवसातून एकदाची गोळी असेल तर विमानात पुण्याच्याच घड्याळाने घ्यायची आणि पोचल्यावर हळूहळू सरकवायची. त्यासाठी एक मनगटी घड्याळ पुण्याच्या वेळेवरच राहू द्या. मोबाइल उतरल्याबरोबर आपली वेळ बदलतो आणि गोंधळ होतो. इन्सुलिन आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं मात्र निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या.

हिशेबी
दिल्लीमार्गे, एका पीएनआरवर काढलं. जाताना मध्ये चार तास दहा मिनिटं, येताना सहा. व्हीलचेअर 'आर', तिन्ही ठिकाणी नोंद दिसतेय. शेवटचं एकच: दिल्लीहून निघाल्यावर हिमालय दिसायला खिडकी कुठल्या बाजूची घेऊ?

नॉटिकल
पूर्वेच्या वाटेने गेलं तर डावी.

घड्याळजी
पहाटे साडेतीनला निघतंय. अंधारात कुठला हिमालय?

पीएनआर_ताई
१६ तासांत निदान सहा-सात वेळा उठायचंय. एक आइल आणि त्याला लागून मधली घ्या. खिडकी ज्याला मिळेल त्याला हिमालय.